फिरंगी कोण होणार?

दोहा, कतार
१२ जून १९९८

प्रिय एरिक,

तुझी भाची सुखरूप पोचली. हे आधी सांगून टाकतो, म्हणजे तू उठून तुझ्या बहिणीला, क्रिस्टीनाताईंना, सांगून येशील आणि मग उरलेलं पत्र शांतपणे वाचशील.

प्रिन्सीला हॉस्पिटलच्या क्वार्टर्समध्ये खोली मिळाली आहे. सोबतीला केरळची एक नर्स आहे, एसी नीट चालतो. पहिल्याच शुक्रवारी शैलजाने आणि मी तिला अल अझीझियाला घरी जेवायला आणलं. आमच्या महाराष्ट्र मंडळातली चार-पाच कुटुंबंही होती. पोरगी गोड आहे रे. बायकांना तर तिच्या मराठीचं इतकं कौतुक की विचारू नकोस. पाटणकर वहिनी सारख्या म्हणत होत्या, "किती शुद्ध बोलते बाई!" प्रिन्सी नुसती हसत होती. जरा लाजाळू दिसते.

आता माझं काम. आमच्या कंपनीत प्रेंटिस नावाचा इंग्रज मॅनेजर आहे. माणूस वाईट नाही, पण परवा जेवताना म्हणाला, "राजे तुमच्याकडे ढीगभर होते, मिस्टर जाधव, पण इतिहास लिहिला आम्ही. आम्ही आलो नसतो तर तुम्ही एकमेकांना ओळखलंही नसतं." मी सिन्नरचा! देवगिरीला जायच्या आधी यादवांची राजधानी आमच्या गावात होती, आणि जाधव म्हणजे यादवच, हे नाशिकच्या वसतिगृहात तुला मी किती वेळा ऐकवलंय. तू वसईचा, म्हणून तू उत्तर कोकणच्या शिलाहारांचा, आणि मी यादवांचा. रात्रंदिवस भांडायचो आपण.

तर मी नाटक लिहिलंय. तीन अंकी! पहिल्या अंकात यादवांचं वैभव, महादेवरायाची कोकणावर स्वारी, तुझा सोमेश्वर राजा समुद्रात बुडतो. दुसऱ्यात फिरंगी येतात. तिसऱ्यात स्वातंत्र्य. दिवाळीच्या कार्यक्रमात करायचं आणि प्रेंटिसला पुढच्या रांगेत बसवायचं. पहिल्या अंकाचा खर्डा सोबत पाठवतोय.

अडचण एकच, फिरंगी. पण तीही सुटली. इथे तुमच्या वसईची बरीच मंडळी आहेत, लॅबमधला जेरोम, बँकेतला डेरिक. कोट आहेत, गिटार आहे, नाचता येतं. आणि प्रिन्सीला मी फिरंगी कप्तानाची बायको ठरवून टाकलंय. तिला तू दोन शब्द लिही, म्हणजे लाज जाईल.

तुझा,
राजाभाऊ

*

निर्मळ, वसई
१ जुलै १९९८

प्रिय राजा,

पत्र मिळालं. ताईला वाचून दाखवलं. "एसी नीट चालतो" हे तिने दोनदा वाचायला लावलं.

खर्डाही वाचला. तुझ्या अक्षरात तीस वर्षांत काही सुधारणा नाही. नाटकात जोर आहे, पण पान सातवर महादेवरायाची राणी त्याला भाकरीबरोबर मिरचीचा ठेचा वाढते. राजा, मिरची या देशात फिरंग्यांच्या जहाजातून आली. तुझ्या यादवांनी मिऱ्यांवर भागवलं. म्हणजे पहिल्याच अंकात, फिरंगी यायच्या अडीचशे वर्षं आधी, ते तुझ्या राणीच्या ताटात येऊन बसलेत.

आणि असं बघ, ज्यासाठी तू घरदार सोडून वाळवंटात जाऊन बसलास, तो "पगार" हा शब्दच पोर्तुगीज आहे. बटाटा त्यांचा, पाव त्यांचा, घराची चावी त्यांची. तिसऱ्या अंकात त्यांना हाकललंस की त्या दिवशी वडापाव खाऊ नकोस आणि घराला कुलूप लावू नकोस.

इकडेही हेच चाललंय. वास्को द गामाला येऊन यंदा पाचशे वर्षं झाली, म्हणून पेपरात रोज वाद. आमच्या शाळेत एक सर म्हणतात काळे झेंडे लावा, दुसरे म्हणतात व्याख्यान ठेवून सत्कार करा. मला विचारलं, तर मी म्हणालो, आठवीच्या पुस्तकात धडा आहे तो नीट शिकवू या, मुलं ठरवतील. दोघेही नाराज झाले.

माझं स्वतःचं विचारशील तर माझ्या खापरपणज्याने बाप्तिस्मा कुठल्या धाकाने घेतला की कुठल्या ओढीने, मला ठाऊक नाही. श्रद्धा आज माझी आहे, ती मी कुणाची देणगी म्हणून सांभाळत नाही. पण तो खापरपणजा काही लिस्बनहून आला नव्हता. तो इथेच केळीला पाणी घालत होता, त्याच्या आधीचेही तेच करत होते, आणि सोमेश्वर राजाला शेतसारा तेच देत होते. हे तुझ्या नाटकात कुठे बसतं बघ.

प्रिन्सीला मी काही लिहिणार नाही. तूच विचार. "ठरवून टाकलं" म्हणतोस, तसं करू नकोस. विचार.

एरिक

*

दोहा
२४ जुलै १९९८

प्रिय एरिक,

ठेचा काढला. आता राणी तूप-भात वाढते. पगार मात्र सोडणार नाही.

प्रिन्सीला विचारलं. म्हणाली, "काका, ड्युटी आहे." बरं, नर्सची ड्युटी, मान्य. जेरोमला विचारलं, त्याचीही ड्युटी. डेरिक बँकेत आहे, त्याची शुक्रवारी कसली ड्युटी? तर म्हणे पाहुणे येणार आहेत. आजपासून दिवाळीपर्यंत रोज?

शैलजाचं म्हणणं, पोरीला गाऊनचा संकोच असेल. म्हणून तिने सूक वाकिफच्या बाजारातून निळं सॅटिन आणून स्वतः गाऊन शिवायला घेतला, गळा बंद, बाह्या मनगटापर्यंत. तो दाखवल्यावर प्रिन्सी म्हणाली, "खूप सुंदर आहे, काकू," आणि बस आली म्हणून पळाली.

मला खरंच कळत नाही. तालमी सुरू झाल्यात. आमची नुपूर जासूद झालीय, तिचं मराठी तुला माहीतच आहे. परवा धावत येऊन म्हणाली, "महाराज, शत्रू इज कमिंग!" सगळं जमतंय, फक्त दुसरा अंक अडलाय. तुमच्या लोकांचाच तर इतिहास आहे ना हा? आडनावं, गाणी, पोशाख सगळं त्यांच्याकडूनच आलं. मग तुमच्या लोकांना त्याची लाज कसली? मी काही त्यांना खलनायक करत नाहीये. एक नाचसुद्धा ठेवलाय.

जरा कान उपट त्यांचे. इन्शाल्ला ऐकतील.

राजाभाऊ

*

निर्मळ, वसई
११ ऑगस्ट १९९८

श्री. राजाभाऊ जाधव यांस,

आपलं २४ जुलैचं पत्र पोचलं. त्यात "तुमचे लोक" दोनदा आलंय. मास्तरकीची सवय म्हणून मी दोन्ही ठिकाणी तांबड्या शाईने गोल केला.

वसतिगृहात आपण एका ताटात जेवत होतो तेव्हा माझे लोक कोण आणि आपले कोण, हे मला कधी विचारावंसं वाटलं नाही. आता वाटतंय.

प्रिन्सीच्या आजीने जन्मात गाऊन घातला नाही. लाल लुगड्यात वावरली, आम्ही तिला लाल लुगड्यातच पुरली.

नाटकास शुभेच्छा.

एरिक मचाडो

*

दोहा
१८ सप्टेंबर १९९८

प्रिय मामा,

नमस्कार. मी बरी आहे, जेवते आहे, आयला सांगा वजन वाढलंय.

मामा, तुम्ही राजाभाऊ काकांना काय लिहिलंत? ऑगस्टमध्ये पंधरा दिवस मंडळाची तालीमच झाली नाही. मग एका संध्याकाळी शैलजा काकूंचा फोन, "खाली ये, आम्ही गेटपाशी आहोत." आमच्या क्वार्टर्समध्ये पुरुषांना आत सोडत नाहीत, म्हणून आम्ही गाडीतच बसलो, एसी लावून. काकांनी खिशातून तुमचं पत्र काढून माझ्या हातात दिलं. मला भीतीच वाटली, कुणी गेलं की काय.

वाचून झाल्यावर काका म्हणाले, "बाळ, मला इतिहास कळतो असं मला वाटत होतं. हे काय आहे, ते तू सांग."

मी म्हटलं, "काका, काही नाही हो. मामा तापट आहेत."

"तापट नाही तो. तीस वर्षांत मला 'आपण' म्हणाला नव्हता."

त्यांचे डोळे भरले होते, मामा. मग मीही बोलून टाकलं. म्हटलं, फिरंगी व्हायला माझी काही हरकत नाही, शाळेत मी सैतानही झाले आहे. पण शाळेत सगळ्यांना माहीत होतं की ही क्रिस्टीनाची प्रिन्सी आहे, सैतान नाही. इथल्या हॉलमध्ये ते कुणाला माहीत नाही. मी गाऊन घालून आले की सगळे म्हणणार, बरोबर, ही तशीच. पहिल्या दिवशी तुमच्या घरी एक वहिनी माझ्याशी हिंदीत बोलल्या. मी मराठीत उत्तर दिलं, तर म्हणाल्या, "अय्या, मराठी कुठे शिकलीस?"

काका म्हणाले, "तू काय सांगितलंस?"

"काही नाही, हसले. मनात म्हटलं, आयच्या पोटात."

शैलजा काकू एकदम मागे वळल्या. "अगं, मी नाशिकची, लग्न होऊन ह्यांच्या नोकरीमुळे पुण्यात आले ना, तेव्हा माझ्या चुलत सासूबाई अस्संच म्हणायच्या. 'नाशिकची असून शुद्ध बोलतेस हं!' आणि त्या दिवशी मीच तिथे उभी होते, मला ऐकू कसं आलं नाही?" मग त्यांनी सासूबाईंची नक्कल केली आणि मला हसू आवरेना.

काका म्हणाले, "तुम्ही हसा. माझा दुसरा अंक तसाच आहे. फिरंगी कोण होणार?"

मामा, मी विचार न करता म्हटलं, "देवव्रत बापट."

तुम्ही त्यांना पाहिलेलं नाही. पुण्याचे इंजिनीयर आहेत, अल दुहैलला राहतात. गोरेपान, घारे डोळे, नाक असं की कागद कापावा. दाढी चिकटवली की आत्ताच जहाजातून उतरले म्हणून खपतील. गाडीत शैलजा काकू इतक्या हसल्या की त्यांचा हात हॉर्नवर पडला आणि वॉचमन धावत आला. काका त्याला म्हणत होते, "खलास, खलास, नो प्रॉब्लेम," आणि स्वतःच डोळे पुसत होते.

बापटांना विचारलं तर म्हणाले, "मी आयुष्यभर हेच ऐकतोय, एकदा होऊनच टाकतो."

मी मग काय होणार, असं काकांनी नीट विचारलं. मी म्हटलं, सोमेश्वर आमच्या समुद्रात बुडाला, तर मागे किनाऱ्यावर कुणीतरी असेलच ना? तुमच्या नाटकात त्याला बायकोच नाही. काकांनी दुसऱ्याच दिवशी राणी लिहिली. जेरोम आणि डेरिक तिचे नावाडी आहेत. पाहुणे येणं बंद झालं.

अजून एक गंमत. माझ्या वॉर्डमध्ये उत्तरेकडच्या अल रुवैस गावची एक म्हातारी आहे, उम्म सालेम. तिचे मुलगे मासेमारी करतात. मी तिला मोडक्यातोडक्या अरबीत नाटकाचं सांगत होते, पोर्तुगीज हा शब्द मला येईना. शेवटी म्हटलं, "बुर्तुगाल." तिला वाटलं मला संत्रं हवंय, कारण इकडे संत्र्याला बुर्तुकाल म्हणतात. तिने टोपलीतलं एक सोलूनच दिलं. मग कळल्यावर किती हसली! म्हणाली, तिची आजी पोरांना भीती घालायची, झोपा, नाहीतर बुर्तुगालांची जहाजं येतील. "आणि मला वाटायचं संत्र्यांनी भरलेली जहाजं येणार. मी मुद्दाम जागी राहायची."

तिच्या मुलाने आम्हाला होडीचं जुनं शीड दिलंय, स्टेजसाठी. एवढं मोठं आहे की तालमीला उलगडताच आलं नाही.

मामा, काका रोज पत्र लिहायला बसतात आणि फाडतात, असं काकू म्हणाल्या. तुम्हीच लिहा ना.

तुमची,
प्रिन्सी

*

दोहा
२५ ऑक्टोबर १९९८

प्रिय एरिक,

तू लिहिलं नाहीस, आणि बरं केलंस. आधी मीच लिहायला हवं होतं. "तुमचे लोक" मी मागे घेतो. तांबड्या शाईतले दोन्ही गोल मला मान्य आहेत. यापुढे जास्त लिहिलं तर मी परत कागद फाडेन, म्हणून नाटकाचं सांगतो.

परवा शुक्रवारी झालं. हॉल भरलेला, प्रेंटिस बायकोला घेऊन पुढच्या रांगेत. महादेवरायाचं काम मी करणार होतो, हे तुला वेगळं सांगायला नको. अंगरखा शिवून झाला होता, मुकुट तयार होता. पण आठवडाभर आधी तालमीत माझं ते भाषण म्हणताना, कोकणच्या राजाला समुद्रात रेटतो ते, मला समोर जेरोम आणि डेरिक वल्ही धरून उभे दिसले आणि प्रिन्सी पाठमोरी. भाषण काही पुढे सरकेना. मी मुकुट काढून पाटणकरांच्या डोक्यावर ठेवला आणि म्हणालो, "तुम्ही व्हा यादव. मी सोमेश्वर."

शैलजा म्हणाली, "सिन्नरला कळलं तर गावात घेणार नाहीत."

म्हणालो, "मग वसईला राहू."

तर प्रयोग. नुपूरने या वेळी सगळं मराठीत सांगितलं, फक्त "महाराज" म्हणायच्या ऐवजी "पप्पा" म्हणाली. लढाई जोरात झाली. माझी उडी आली. शिडामागे गाद्या टाकल्या होत्या. मी "हे सागरा, शत्रूच्या क्रोधापेक्षा तुझ्या पोटातली आग मला थंड वाटते" असं म्हणून उडी मारली. एरिक, गाद्या डावीकडे होत्या, मी उजवीकडे उडालो. घोटा मुरगळला. पडताना आधाराला शीड धरलं, तर ते अल रुवैसचं अवाढव्य शीड दोऱ्यांसकट खाली आलं, थेट पुढच्या रांगेवर. प्रेंटिस, त्याची बायको आणि मंडळाचे अध्यक्ष सगळे त्याखाली गेले.

मी आत घोटा धरून बसलेलो. वाटलं, झालं, संपलं नाटक. आता लोक हसणार. हसलेही. आणि स्टेजवर प्रिन्सी एकटी.

मी तिला भाषण लिहून दिलं होतं, "हे रत्नाकरा, हे निष्ठुर जलनिधे," असं. ती ते विसरली. मी आतून दोनदा सांगितलं, तिला ऐकू गेलं नाही. मग ती पुढे आली, पार कडेला, जिथे ते शीड लाटेसारखं खाली पसरलं होतं, आणि गुडघ्यावर बसून त्याच्याशी बोलायला लागली. तुमच्या घरी बोलता ना, त्या बोलीत. सगळे शब्द मला कळले नाहीत. एवढं कळलं की ती समुद्राला विचारतेय, राजा नेलास, आता होड्या पाण्यात लोटायच्या कुणी? अंगणात मासळी वाळत घातलीय, ती आत कोण घेणार? रात्री दाराला अडसर मी एकटीने लावू का? आणि मग त्याला म्हणाली, तू पण आमचाच, तुझ्याशी भांडून मी जाऊ कुठे?

राणी नव्हती ती. घरची बाई होती. हॉलमधलं हसणं कधी थांबलं कळलंच नाही. शिडाखालून बाहेर निघालेली माणसं ते हातात धरून तशीच उभी होती. पाटणकर वहिनी हमसून रडत होत्या. मग टाळ्या. मी आत एका पायावर उभा राहून वाजवत होतो.

दुसऱ्या अंकात बापट दाढी लावून आले, तर मागच्या रांगेतून कुणी ओरडलं, "बापट, अस्सल!" तिसरा अंक मी ऐनवेळी काढून टाकला. घोट्याचं निमित्त होतं. खरं म्हणजे राणीनंतर माझं स्वातंत्र्याचं भाषण कुणी ऐकलं नसतं.

प्रेंटिस भेटायला आला. मी खुर्चीवर, पाय बर्फात. चार महिने तयार केलेली उत्तरं ओठांवर. तो म्हणाला, "मिस्टर जाधव, एक शब्द कळला नाही, पण त्या मुलीचं सगळं कळलं." मग म्हणतो, "तुम्हाला ठाऊक आहे का, आमचेही राजे बाहेरचेच. नॉर्मन. समुद्र ओलांडून आले आणि तीनशे वर्षं दरबारात फ्रेंच बोलले. माझं आडनावसुद्धा फ्रेंच आहे. आमच्या गावात लोक अजून त्यावर भांडतात, पबमध्ये." मी किल्ला लढवायला सज्ज होऊन बसलो होतो आणि गड्याने अर्धा किल्ला न लढताच दिला. मी म्हटलं, "मग इतिहास कुणी लिहिला, हा वाद?" म्हणाला, "तो सोमवारी, ऑफिसमध्ये." चालू ठेवणार म्हणतो. आता मजा येईल.

तुझा, आणि सध्या लंगडा,
राजा

*

निर्मळ, वसई
१४ नोव्हेंबर १९९८

लेका राजा,

पत्र ताईला वाचून दाखवलं. शीड पडलं तिथे ती इतकी हसली की शेजारची रुकैया बघायला आली, म्हणून परत पहिल्यापासून वाचलं. प्रिन्सीच्या भाषणापाशी आलो आणि मला पुढे वाचवेना. ताईने कागद घेतला, तिला चष्म्याशिवाय दिसत नाही, तरी धरून बसली. मग म्हणाली, "हे सगळं मीच बोलायची. हिचा बाप बोटीवर गेला की दर वेळी."

मला हे माहीत नव्हतं. मी तिचा सख्खा भाऊ, घर शेजारी.

मीही ते "आपण" मागे घेतो. लिहिताना मला वाटलं होतं की मी फार सभ्यपणे रागावतोय. पेटीत टाकल्यापासून तीन महिने झोप नीट नव्हती.

एक ऐक. सोमेश्वराच्या लढाईचं म्हणतात ते शिल्प बोरिवलीला एकसर गावात आहे, वीरगळ. जहाजं, वल्ही, सगळं कोरलेलं. काही जाणकार म्हणतात ती लढाई वेगळीच, दोनशे वर्षं आधीची. मी पंचवीस वर्षं वर्गात त्याबद्दल शिकवतोय आणि इथून तासाभरावर असून एकदाही गेलेलो नाही. तू डिसेंबरात रजेवर येतोस ना? नाताळला शैलजावहिनींना घेऊन ये. ताई इंदाल, आमचं नाताळचं मांसाचं कालवण, करणार आहे. मिरची घातलेलं, आधीच सांगतो.

एरिक

*

निर्मळ, वसई
२७ डिसेंबर १९९८

प्रिय प्रिन्सी,

हे पत्र मी आणि तुझा मामा मिळून लिहितोय. अक्षर वाईट ते माझं, आणि लाल शाईतल्या दुरुस्त्या त्याच्या.

काल आम्ही चौघं एकसरला जाऊन आलो, आम्ही दोघं, शैलजा आणि तुझी आय. वीरगळ वस्तीच्या मधोमध, झाडाखाली उभे आहेत, माणसापेक्षा उंच. बाजूला स्कूटर लावलेल्या. मला वाटलं होतं संग्रहालयासारखं काहीतरी असेल. इथे एका दगडाच्या टोकाला कुणीतरी टॉवेल वाळत घातला होता.

पण जवळ जाऊन वाकून बघितलं, बाळ. खालच्या पट्टीत जहाजांची रांग, वल्ह्यांची टोकं पाण्यात. त्यावर लढाई. सगळ्यात वर मेलेल्यांना स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा. मी सिन्नरचा जाधव, मला वाटलं होतं की आपली माणसं बघताक्षणी ओळखीन. तासभर बघितलं. चेहरे झिजलेत. सगळे सारखेच वाकून वल्ही मारतायत.

(आता मी, मामा. राजाचं म्हणणं पडलं की डावीकडची जहाजं यादवांची. मी म्हणालो, यादव घाटावरचे, त्यांना पाण्यात उतरायचं म्हणजे आमच्याच नावाड्यांना धरून आणलं असणार. म्हणजे डावीकडेही आमचेच आणि उजवीकडेही आमचेच. यावर तो "बरोबर" म्हणाला, तीस वर्षांत पहिल्यांदा. आता पुढचं तो सांगेल, कारण ते त्याच्यावर गुदरलं.)

एक मावशी तेलाची वाटी आणि जास्वंदीची फुलं घेऊन आल्या. दगडाला हळदकुंकू लावलं, टॉवेल काढून घडी करून काखेत घेतला. आम्ही दोन म्हातारे तिथे उकिडवे बसून बोटाने वल्ही मोजतोय, हे बघून त्यांनी विचारलं, "कोणाकडचे तुम्ही?"

तुझा मामा छाती काढून म्हणाला, "मी शिलाहारांकडचा. आणि हे यादवांकडचे."

मावशींनी मला वरपासून खालपर्यंत बघितलं. म्हणाल्या, "यादव? म्हणजे ते गोठ्यावरचे, दूधवाले?"

शैलजा आणि तुझी आय एकमेकींना धरून झाडाच्या पारावरच बसल्या. देवगिरी गेली, सिन्नर गेलं, सातशे वर्षांचं घराणं एका वाक्यात गोठ्यात जाऊन उभं राहिलं.

म्हणालो, "हो मावशी. त्यांच्यातलेच."

"मग बरं," त्या म्हणाल्या, आणि प्रसादाचा खोबऱ्याचा तुकडा आधी माझ्या हातावर ठेवला.